खपलीखालचा इतिहास

मराठी भाषेने नखांवर कधी विश्वास ठेवलेला नाही. कुणी उगाच भांडण उकरून काढले की आपण म्हणतो, 'खाजवून खरूज काढू नकोस.' जुने दुःख पुन्हा जागे केले की म्हणतो, 'जखमेवरची खपली काढलीस.' एखादे पोर अंमळ व्रात्य निघाले की 'याला खाजच फार' हा शेरा घरात आणि शाळेत सारखाच ऐकू येतो. या तिन्ही बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्याला खाज सुटते त्याचाच त्यात काही अपराध असतो, आणि मनात आणले तर तो हात आवरू शकतो, ही ती गोष्ट.

दिवाळी अंकात हा कसला विषय, असे वाचकांना वाटेल. पण वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांच्या अंगाला तेल-उटणे लागते ते याच सणाला. आणि त्याच पहाटे एखाद्या घरात कुणीतरी सगळ्यांच्या आधी उठून, न्हाणीघराला आतून कडी घालून, एकट्यानेच आंघोळ उरकून घेते. त्याच्या पाठीवर सोरायसिसचे चट्टे असतात, तिच्या कोपरांत इसब असते, किंवा दंडांवर स्वतःच्याच नखांनी काढलेल्या खपल्यांचे वण असतात. त्या बंद दारामागे किती शतकांचा इतिहास उभा आहे, तो आज सांगायचा आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या अठरांत आपण आज ज्याला महारोग म्हणतो तो आहेच, पण दद्रु म्हणजे गजकर्ण आहे, पामा म्हणजे खरजेसारखा रोग आहे, विचर्चिका म्हणजे इसबाच्या जातीचा रोगही आहे. प्राचीन वैद्यांच्या दृष्टीने 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नव्हते, ते कातडीच्या सगळ्या विकारांचे एकत्र कुटुंब होते. त्यांची निरीक्षणे बारीक होती आणि कंडू, म्हणजे खाज, हे लक्षण त्यांनी काळजीपूर्वक नोंदवले आहे. पण कारणांच्या यादीत विरुद्ध आहाराच्या जोडीला पापकर्मही बसलेले होते.

पुढे काळाच्या ओघात 'कुष्ठ' हा शब्द आकसत गेला आणि एकट्या महारोगाला चिकटला. मात्र कुटुंबाची बदनामी आकसली नाही. ज्या भयंकर रोगात बोटे झडत, त्याची भीती आणि त्याच्या पापाचा डाग घरातल्या सगळ्या भावंडांना वाटून मिळाला. मराठीतला 'कोड' हा शब्द या 'कुष्ठा'चाच प्राकृतातून उतरलेला वंशज आहे. कोडात कातडीचा रंग तेवढा जातो. ते स्पर्शाने लागत नाही, त्यात बोट झडत नाही आणि बधिरताही येत नाही. तरीही नावाने ते महारोगाचे सख्खे भावंड ठरले आणि 'श्वेतकुष्ठ' म्हणून लग्नाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या लपवले गेले.

या गुंत्यातून एकेक रोग मोकळा करण्याचे काम गेल्या सव्वातीनशे वर्षांत झाले. त्यात पहिली सुटली ती खरूज. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात गरीब बायका आपल्या पोरांच्या खरजेच्या फोडांतून टाचणीने काहीतरी बारीक टोचून काढतात, हे जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या वैद्याने पाहिले. त्याने तो कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तो जिवंत किडा निघाला. १६८७ साली फ्रान्चेस्को रेदी या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे जाहीर केले. खरूज ही रक्ताच्या दोषाने किंवा मनाच्या विकाराने होत नाही, ती एका किड्याने होते, हे त्यातून स्पष्ट होते. पण पंडितांना ते पटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सगळ्यांदेखत सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. त्याला ही युक्ती त्याच्या मुलखातल्या बायकांकडून मिळाली होती. आयांना जे दिसत होते ते आचार्यांना दिसायला दीड शतक लागले, आणि तोपर्यंत खाजवणाऱ्या पोरांनी शिव्या खाल्ल्या.

महारोगाची कहाणी अधिक कडू आहे आणि ती आपल्या अंगणातली आहे. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला, आणि पापाचा सिद्धांत तिथेच संपायला हवा होता. प्रत्यक्षात जंतू सापडल्यावर भीती वाढली. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्यास बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. मराठी वाचकांनी हे नाव दुसऱ्या एका कारणानेही लक्षात ठेवावे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. एकाच माणसाने शाहिरांचे शब्द गोळा केले आणि रस्त्यावरचे महारोगीही गोळा केले. त्यांचे नाव असलेले वडाळ्याचे रुग्णालय आजही आहे.

यात दया होती, तशी शहर 'साफ' दिसावे ही इच्छाही होती. १८९८ सालच्या महारोग्यांच्या कायद्याने ही दुसरी इच्छा उघड केली. भीक मागणाऱ्या महारोग्याला वॉरंटाशिवाय पकडावे, आश्रयस्थानात डांबावे, ठरावीक धंदे आणि सार्वजनिक विहिरी त्याला बंद कराव्यात, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. तोवर रोग औषधांनी बरा होऊ लागून कितीतरी वर्षे लोटली होती. जोडीदाराला महारोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत होते, तेही २०१९ साली निघाले. रोग बरा करण्याला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ कागदावरचा डाग पुसायला लागला.

या काळोखात काही हात मात्र पुढे आले. सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित महारोगाने ग्रासलेले आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. कामोठ्याहून फारसे दूर नसलेल्या, पनवेलजवळच्या नेरे गावी शांतिवन उभे राहिले, ते कुष्ठरोग निवारण समितीच्या कार्यकर्त्यांच्या कष्टांतून. या माणसांनी औषध दिले, पण औषधाइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्पर्श. महारोगाच्या चट्ट्याला खाज नसते, उलट तो बधिर असतो. ज्याला कातडीवर स्पर्श जाणवत नाही त्याला लोकांचे स्पर्श टाळणे मात्र फार जाणवते.

कोडाची बाजू घ्यायला आणखी उशीर झाला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने 'श्वेता' ही कोड असलेल्या माणसांची संघटना उभी राहिली. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा मराठी चित्रपट काढला. त्यातल्या नायिकेला कोड आहे. ती शिकलेली, कर्ती मुलगी आहे, आणि प्रश्न तिच्या कातडीपेक्षा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा आहे. ज्या भाषेत कोड हा शब्द कुजबुजत उच्चारायचा, त्याच भाषेत तो पडद्यावर मोठ्याने बोलला गेला.

सोरायसिसच्या औषधाचा एक धागा तर थेट गोमंतकातून गेला आहे. ब्राझीलमध्ये आरारोबा नावाच्या झाडाच्या पोकळ खोडात पिवळसर भुकटी साचते. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्यात आली आणि गजकर्णावर रामबाण म्हणून मुंबईपर्यंत विकली जाऊ लागली. इंग्रजांनी तिचे नावच 'गोवा पावडर' ठेवले. १८७६ साली लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्या ध्यानात आले की ही भुकटी सोरायसिसच्या चट्ट्यांवरही चालते. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल येईना, तेव्हा १९१६ साली जर्मनीत तिच्यासारखेच कृत्रिम औषध तयार झाले. त्याचे नाव डिथ्रॅनॉल. ते पुढे कित्येक दशके जगभर वापरले गेले. औषध गुणकारी खरे, पण त्याची एक खोड होती. ते कातडीवर आणि कपड्यांवर न निघणारे डाग पाडी. चट्टा जायचा आणि डाग राहायचा. रोगी लोकांसमोर यायला पुन्हा कचरायचाच.

आता नखांकडे वळू. एकोणिसाव्या शतकातच, १८७०च्या दशकात, ब्रेस्लाऊ शहरातले डॉक्टर हाइनरिख क्योब्नर यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. सोरायसिसच्या रोग्याला निरोगी कातडीवर ओरखडा उठला, तर काही दिवसांनी नेमका त्या ओरखड्याच्या रेषेवर नवा चट्टा उगवतो. कोडातही असेच होते. खरचटलेल्या जागी नवा पांढरा डाग येऊ शकतो. इसबात तर खाजवल्याने कातडी जाड होते, जाड कातडीला अधिक खाज सुटते, आणि ती पुन्हा खाजवली जाते. खाजवताना होणारी बारीकशी वेदना खाजेची जाणीव क्षणभर दाबून टाकते, म्हणून बरे वाटते. तो क्षण सरला की खाज दुप्पट होऊन परत येते. म्हणजे त्वचारोग असलेल्याच्या बाबतीत नख हे नुसते नख राहत नाही. ते रोगाचे बी पेरणारे अवजार होते. आणि तो हात आवरणे बाहेरून दिसते तितके सोपे नसते.

याच्याही पुढची एक अवस्था आहे. खाज नसतानाही काहींचा हात कातडीकडे जातो. मुरूम, पुटकुळी, सुकलेली खपली, नुसता हाताला लागलेला खडबडीतपणा, काहीही पुरते. बोट तिथे जाते, टोकरते, खरवडते, रक्त येईपर्यंत थांबत नाही. लंडनचे प्रख्यात त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५च्या सुमारास या प्रकाराचे वर्णन केले आणि त्याचा संबंध मज्जासंस्थेशी जोडला. इजिप्तमधला प्रचंड दगडी स्तंभ, 'क्लिओपात्राची सुई', स्वतःच्या पैशांनी लंडनला आणवणारे विल्सन ते हेच. १८९८ साली पॅरिसच्या लुई ब्रोक यांनी मुरूम टोकरून टोकरून चेहऱ्यावर वण पाडून घेणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन लिहिले. रोगाच्या नावातच त्यांनी 'तरुण मुलींचा' असे शब्द घातले. मुरूम मुलग्यांनाही येतात आणि तेही ते फोडतात. पण दोष मुलींच्या नावावर लिहिला गेला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हा विकार कुणाच्या वहीत नीट बसला नाही. त्वचेचे डॉक्टर म्हणत, हे मनाचे आहे. मनाचे डॉक्टर म्हणत, ही वाईट सवय आहे. घरचे म्हणत, हा नुसता हट्ट आहे. अखेर २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीतही तो आहे. तिथे तो वारंवार हात धुणाऱ्या, कड्याकुलपे पुन्हापुन्हा तपासणाऱ्या माणसांच्या विकाराशेजारी बसवला आहे. अमेरिकेतल्या एका पाहणीत शंभर प्रौढांत सुमारे दोघांना तो आढळला. आपल्याकडे त्याला अजून रुळलेले मराठी नावही नाही. त्वचा ओरबाडण्याचा विकार असे म्हटले तर समजण्यापुरते पुरे.

ज्याला हा विकार असतो त्याला नेमके काय होते? काहींचा हात वाचताना, अभ्यास करताना, टीव्ही पाहताना नकळत चालतो. बोटाला रक्त लागले की मग कळते. काहींच्या मनात आधी ताण साठतो, आरशासमोर उभे राहिल्यावर तो असह्य होतो, टोकरल्यावर क्षणभर सुटका वाटते, आणि लगोलग लाज येते. लाजेने ताण वाढतो आणि ताणाने हात पुन्हा वर जातो. खाजेच्या चक्रासारखेच हे दुसरे चक्र आहे. बहुधा ते वयात येताना, मुरमांच्या निमित्ताने सुरू होते. म्हणून शाळेत शिकवणाऱ्याला ते लवकर दिसते. मे महिन्याच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा मुलगा, कपाळावर केस ओढून घेणारी मुलगी, फळ्यावर लिहायला बोलावले की हात मागे बांधणारे पोर. अशा पोराला चारचौघांत 'हात खाली ठेव' असे म्हटले की हात खाली जातो खरा, पण तासाभराने तो मुतारीच्या बंद दारामागे दुप्पट वेगाने चालतो.

कातडीचे दुखणे मनात उतरते, याला आता आकड्यांचाही आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या तेरा देशांच्या पाहणीत त्वचारोग्यांपैकी शंभरात सुमारे दहा जणांना उदासीनतेच्या विकाराने घेरलेले आढळले. त्वचारोग नसलेल्यांत हे प्रमाण शंभरात सुमारे चार होते. जीव नकोसा होण्याचे विचारही त्वचारोग्यांत अधिक होते. म्हणजे मलमाची चिठ्ठी लिहून उपचार संपत नाही.

आता आमच्या कामोठ्याचेच पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा हा भातशेतीचा आणि खाडीकाठचा मुलूख होता. आज पनवेल महानगरपालिकेतले ते गजबजलेले उपनगर आहे. मानसरोवर आणि खांदेश्वर या स्टेशनांवरून माणसे हार्बर गाडीत कोंबली जातात, दिवसभर घामात भिजतात आणि रात्री चार मजली, सात मजली इमारतींतल्या घरांत परततात. इथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. तरीही जांघेत गजकर्ण झालेला माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो आणि हलक्या आवाजात 'ते खाजेचे मलम' मागतो. १९५२ साली अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून त्याचा गुण सिद्ध झाला, तेव्हापासून स्टेरॉइडची मलमे हे इसबासारख्या रोगांवरचे मोठे वरदान आहे. पण गजकर्णावर तेच लावले की खाज तेवढी दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही मलमे मिळू नयेत म्हणून २०१८ साली सरकारने नियम कडक केले. नियम दुकानदाराला अडवू शकतो, पण माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणारी लाज नियमाने जात नाही. ती त्या जुन्या अठरांच्या कुटुंबातून आलेली आहे.

मग करावे काय? १९७३ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझरिन आणि त्यांचे सहकारी नन यांनी सवय पालटण्याची एक पद्धत मांडली. ती आजही या विकारावर वापरली जाते आणि तिच्यात कुठेही रागावणे नाही. हात केव्हा, कुठे, कोणत्या वेळी कातडीकडे जातो ते आधी रोग्याने स्वतः टिपायचे. मग हात निघाल्याची चाहूल लागताच त्याला दुसरे काम द्यायचे. मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची, हातात रुमाल किंवा मणी घ्यायचा. घरातल्या एकाने साथीदार व्हायचे, पाळत ठेवणारा शिपाई नव्हे. जोडीला मूळ त्वचारोगावर नीट उपचार हवेत, कारण चट्टा राहिला तर हाताला निमित्त राहते. नखे कापलेली, कातडी कोरडी पडू न दिलेली, जखम पट्टीने झाकलेली असावी. मनाचा भार जड झाला असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनीसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते.

इतिहासाने एक गोष्ट पुन्हापुन्हा दाखवली आहे. खरजेत किडा सापडला, महारोगात जंतू सापडला, कोड आणि सोरायसिस स्पर्शाने लागत नाहीत हे कळले. आणि दर वेळी ज्याला आपण अपराधी समजत होतो तो केवळ आजारी होता असे निघाले. त्या रांगेत त्वचा ओरबाडणारी माणसे शेवटी उभी आहेत. त्यांच्या बाबतीतही आपल्याला दीडशे वर्षे घालवण्याचे कारण नाही.

खपली ही शरीराची मोठी समजूतदार योजना आहे. रक्त गोठून झाकण तयार होते आणि त्याखाली नवी कातडी आपल्या गतीने विणली जाते. काम झाले की खपली आपोआप गळते. घरातल्या माणसांना त्यापेक्षा निराळे काही करायचे नाही. वण कसला म्हणून विचारू नये, चारचौघांत बाही वर करायला लावू नये, उपाय सांगण्याची घाई करू नये. ज्या खोलीचे दार नरकचतुर्दशीला आतून बंद होते, तिथे बाहेरून हलकेच एवढेच म्हणावे, 'पाठीला तेल लावून देऊ का?' 'नको' म्हटले तर वाटी उंबऱ्याशी ठेवून यावे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.